फोनवरचे साहेब आणि कोर्टाची पायरी

आमची आत्या सांगलीत एकटी राहते. वय एकाहत्तर, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, हिशेबाला पक्की. भाजीवाल्याला दोन रुपये सोडणार नाही. गेल्या पावसाळ्यात एके सकाळी तिला फोन आला. आधी यंत्राचा आवाज: तुमचा मोबाइल नंबर दोन तासांत बंद होणार आहे, कारण हवं असेल तर नऊ दाबा. तिने नऊ दाबलं. मग एक पोरगा अगदी अदबीने हिंदीत बोलायला लागला. तुमच्या आधार कार्डावर मुंबईत आणखी एक सिमकार्ड निघालंय, त्यावरून लोकांना घाणेरडे मेसेज गेलेत, सतरा तक्रारी आहेत. तुम्ही सज्जन वाटता मॅडम, मी तुम्हाला थेट क्राइम ब्रँचला जोडून देतो, तिथे तुमचं म्हणणं नोंदवा. पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल. समोर खाकी वर्दी, मागे तिरंगा, टेबलावर वॉकीटॉकी खरखरतोय.

पुढचे तीन तास आत्या फोन साखरेच्या डब्याला टेकवून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून होती. उठायचं नाही, कुणाला फोन करायचा नाही, घरी कोणी आलं तर बोलायचं नाही. मुदतठेवी किती, कुठल्या बँकेत, वारस कोण, सगळं तिने सांगून टाकलं होतं. बँकेत जायला साडी बदलायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात शेजारच्या वहिनी मागच्या दाराने विरजण मागायला आत आल्या. आत्याने तोंडावर बोट ठेवलं. वहिनींनी फोनमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, 'मुंबई पोलीस ना? मग मराठीत बोला की साहेब.' उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन बंद केला.

विरजणाने आत्याचे पैसे वाचवले. नंतर मी तिला विचारलं, 'आत्या, तू स्वतःच फोन का नाही ठेवलास?' ती म्हणाली, 'असा कसा ठेवायचा? पोलीस बोलत होते.'

हे उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. फसवणुकीच्या फोनांबद्दल आपण बोलतो ते ओटीपी, पिन, लिंक या भाषेत. ते चुकीचं नाही. पण आत्याने ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता, कुठल्या लिंकवर बोट ठेवलं नव्हतं. तिला फोन ठेवता आला नाही, एवढंच झालं.

आपल्याकडे 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण घराघरांत मुरलेली आहे. पोलीस ठाण्याचंही तेच. मध्यमवर्गीय माणूस पासपोर्टच्या पडताळणीपलीकडे तिकडे फिरकत नाही आणि त्याचा त्याला अभिमानही असतो. त्यामुळे अटक कशी होते, समन्स कसं दिसतं, जबाब कुठे नोंदवतात, यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं. जे ठाऊक असतं ते मालिका पाहून. भामट्याला एवढं पुरतं. तो मालिकेसारखा देखावा उभा करतो आणि तो आपल्याला खरा वाटतो, कारण ताडून पाहायला खरं ठाणं आपण पाहिलेलंच नसतं. याउलट माझा एक मावसभाऊ आहे, बांधाच्या भांडणावरून त्याच्या दोन केसेस गेली कित्येक वर्षं चालू आहेत. त्याला असाच फोन आला तेव्हा तो म्हणाला, 'समन्स पाठवा साहेब, वकिलाला दाखवतो आणि तारखेला हजर राहतो.' तिकडून फोन कट.

तर ती पायरी कशी असते ते आधी बघू.

आत्याला जसं व्हिडिओ कॉलसमोर डांबून ठेवलं, त्याला हे भामटे 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. भारतात अशी कायदेशीर गोष्टच नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली; जुन्यात नव्हती, नव्यातही व्हिडिओ कॉलवरची अटक नाही. अटक करायला पोलिसाला देहाने तुमच्यासमोर उभं राहावं लागतं. त्याच्या गणवेशावर नाव स्पष्ट दिसायला हवं. अटकेचा पंचनामा लिहावा लागतो आणि त्यावर घरातल्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यावी लागते. अटक झाल्याचं नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं बंधनकारक आहे. वकिलाला भेटण्याचा हक्क असतो. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, हे तर राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदातच आहे. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. चौकशीला हजर राहण्याची नोटीससुद्धा पोलिसांनी व्हॉट्सॲपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

यातली नातेवाइकाला कळवण्याची अट पुन्हा वाचा. खरा कायदा पोलिसाला सांगतो की याच्या घरच्यांना कळव. फोनवरचा साहेब मात्र बजावतो की घरच्यांना कळता कामा नये, प्रकरण गोपनीय आहे, सांगितलंत तर त्यांनाही आत घेऊ. माझ्या मते ओळखण्याची याहून पक्की खूण दुसरी नाही. गणवेश भाड्याने मिळतो, न्यायालयाचा शिक्का संगणकावर बनतो, आवाज आणि चेहरासुद्धा आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवता येतो. गुप्ततेची अट मात्र त्याला सोडता येत नाही, कारण तुम्ही एका जरी शहाण्या माणसाशी दोन मिनिटं बोललात तरी त्याचा खेळ संपतो.

वहिनींची 'मराठीत बोला' ही युक्ती त्या दिवशी चालली, पण तिच्यावर विसंबू नका. अस्खलित मराठी बोलणारे भामटेही आहेत.

शिकलेली माणसं फसत नाहीत असा एक गोड गैरसमज आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानातल्या एका मोठ्या वस्त्रोद्योग समूहाच्या ८२ वर्षांच्या प्रमुखांना अशाच टोळीने ७ कोटी रुपयांना लुटलं. त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी भरवली होती आणि तत्कालीन सरन्यायाधीशांचं सोंगही आणलं होतं. हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याचे कोटीहून अधिक रुपये न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून काढून घेतले गेले. त्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये देशभरातल्या अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. त्याआधी २७ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये याच विषयावर बराच वेळ दिला होता. केंद्रीय गृह मंत्रालयाने लोकसभेत दिलेल्या आकड्यांनुसार सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. एवढे सगळे लोक बावळट असतील हे काही पटत नाही.

उलट शिस्तीत वाढलेला माणूस इथे जास्त अडकतो असं मला वाटतं. सरकारी कागदाला मान देणारा, मोठ्या आवाजाला 'हो साहेब' म्हणणारा, कधी सिग्नल न तोडलेला. त्याला निर्दोष सिद्ध होण्याची घाई असते. 'तुमच्या खात्यातले पैसे काळे नाहीत हे रिझर्व्ह बँक तपासेल, ते या सुरक्षित खात्यात ठेवा, पडताळणी झाली की अठ्ठेचाळीस तासांत परत' हे वाक्य अशा माणसाला धमकीसारखं वाटत नाही, सुटकेसारखं वाटतं. इथेही एक साधी गोष्ट ठाऊक असली तर पुरे. तपास यंत्रणेला तुमच्या पैशांवर संशय असेल तर ती बँकेला पत्र लिहून खातं गोठवते. पैसे दुसऱ्या खात्यात हलवा असं ती तुम्हाला कधीच सांगत नाही. रिझर्व्ह बँकेत तुमच्याआमच्यासारख्यांची खाती नसतात आणि ती लोकांचे पैसे तपासून परतही करत नाही.

पण त्यांना आपली माहिती असते ती कशी? आत्याला साहेबांनी तिच्या आधारचे शेवटचे चार आकडे सांगितले होते, तिथेच ती खचली. खरं तर हे काही मोठं गुपित नाही. झेरॉक्सच्या दुकानात राहून गेलेली प्रत, सोसायटीच्या फाटकावरची नोंदवही, लॉजवर दिलेलं ओळखपत्र, कुठल्याशा ॲपमधून फुटलेली यादी, पार्सलच्या खोक्यावरचं नाव-पत्ता-फोन असं लेबल. समोरच्याला तुमची माहिती आहे म्हणून तो सरकारी माणूस ठरत नाही, एवढं मनात पक्कं हवं. आधारची प्रत द्यावीच लागली तर आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' उतरवून घ्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर भागतं. खोक्यावरचं लेबल फाडून मगच खोकं रद्दीत टाकायची सवय आमच्या घरी आता लागली आहे. मुलं हसतात.

फोनच्या पलीकडे कोण असतं, हेही जाणून घेण्यासारखं आहे. पूर्वी झारखंडमधलं जामताडा यासाठी बदनाम होतं, मग हरियाणा-राजस्थानच्या सीमेवरचा मेवात. आता मोठा धंदा देशाबाहेर गेला आहे. म्यानमार, कंबोडिया, लाओस इथे उंच कुंपणांच्या आत वसाहतीच्या वसाहती आहेत. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी, चांगला पगार असं सांगून तरुणांना नेतात, सीमा ओलांडून आत घातलं की पासपोर्ट काढून घेतात आणि दिवसाला ठरावीक सावजं गळाला लावायला बसवतात. जमलं नाही तर मारहाण. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या दोन विमानांनी थायलंडमधल्या माए सोत इथून ५४९ भारतीयांना परत आणलं, ते अशाच ठिकाणांहून सुटलेले होते. तेव्हा तुम्हाला धमकावणारा आवाज कदाचित स्वतःच कैदेत असतो. त्याची कीव करा, पण फोन ठेवून मग करा.

डिजिटल अरेस्टवर मी एवढं लिहिलं कारण त्यात एकेका घराची आयुष्यभराची पुंजी जाते. रोजच्या फोनवर येणारे बाकीचे प्रकार तुलनेने साधे आहेत, पण तेही बघू.

वीजबिलाचा मेसेज महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येकाने पाहिला असेल. मागच्या महिन्याचं बिल अद्ययावत झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब या अधिकाऱ्याला फोन करा. खाली कुणाचा तरी दहा आकडी मोबाइल नंबर. रात्री साडेनऊ ही वेळ बघा कशी हेरलेली आहे. कचेरी बंद झालेली, घरात म्हातारी माणसं, बाहेर अंधार. महावितरण थकबाकीसाठी वीज तोडतं हे खरं, पण आधी रीतसर नोटीस देतं, आणि कुणाच्या खासगी मोबाइलवरून रात्री वीज तोडण्याच्या धमक्या देत नाही. बिल भरलंय की नाही हे महावितरणच्या स्वतःच्या ॲपवर मिनिटभरात दिसतं. मेसेजमधल्या नंबरवर फोन केलात तर तो 'अधिकारी' दहा रुपये भरायला सांगून एक ॲप उतरवून घ्यायला लावतो आणि त्या ॲपमधून तुमचा पडदा त्याला दिसायला लागतो.

याचंच पुढचं रूप म्हणजे एपीके. लग्नपत्रिका, वाहनाच्या दंडाची पावती, पीएम किसानचा हप्ता, बँकेचं केवायसी, काहीही नाव देऊन व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. लग्नसराईत तर खास. पत्रिका ही छबी असते किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी टिंब देऊन एपीके लिहिलेलं असेल तर ती पत्रिका नाही, तो प्रोग्राम आहे. उघडलात की तो मेसेज वाचायची परवानगी मागतो. आपण सवयीने 'अलाउ' करतो. तिथून पुढे बँकेचे ओटीपी तुमच्या आधी त्याला पोचतात आणि तीच पत्रिका तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या गोतावळ्याला जाते. म्हणून ती ओळखीच्या माणसाकडून आली आहे, याला इथे काहीच अर्थ नाही. चुकून उघडलीच तर आधी विमान मोड लावा म्हणजे फोनचा बाहेरशी संबंध तुटेल, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. नंतर निवांतपणे ते ॲप काढायचं, नाहीच निघालं तर फोन पूर्ण कोरा करून घ्यायचा.

यूपीआयबद्दल एकच वाक्य पाठ करा: पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच नाही. जुना सोफा विकायला काढला की 'सैन्यातला जवान' न बघताच घ्यायला तयार होतो आणि पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड पाठवतो. कोड स्कॅन करून पैसे मिळत नसतात.

चुकून तुमच्या खात्यात पाच हजार आले, परत करा, अशी रडवेली विनवणीही येते. आधी खात्यात खरंच आलेत का ते बँकेच्या ॲपमध्ये पाहा, मेसेजमध्ये नाही. मेसेज कुणीही लिहू शकतो. खरोखर आले असतील तर त्याला म्हणा, तुमच्या बँकेकडे तक्रार करा, बँक परत घेईल. तुम्ही स्वतः पाठवायच्या भानगडीत पडू नका, कारण ते पैसे दुसऱ्याच कुणाचे लुबाडलेले असू शकतात.

आणि एक जरा तांत्रिक. कुरिअरवाला म्हणतो, पत्ता सापडत नाही, या नंबरावर फोन करा, आणि तो नंबर स्टार चारशे एकपासून सुरू होणारा असतो. तो नंबर नसतो, तुमचे येणारे फोन दुसरीकडे वळवण्याची ती आज्ञा असते. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून या कोडने कॉल वळवणं बंद करायला सांगितलं. तरी शंका असेल तर *#२१# लावून पाहा, कॉल वळवलेत का ते पडद्यावर येतं; ##००२# लावलं की सगळी वळणं रद्द होतात.

खरा फोन किंवा मेसेज ओळखायच्याही काही खुणा आता आल्या आहेत. बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही. तो अक्षरांच्या नावाने येतो आणि २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं, सरकारी असेल तर जी, व्यवहाराचा टी, सेवेचा एस, जाहिरातीचा पी. बँका-विमा कंपन्यांनी ग्राहकांना फोन करायला १६०० ने सुरू होणारे नंबर ठेवले आहेत, जाहिरातीवाल्यांना १४०. बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार 'डॉट बँक डॉट इन' असे होत आहेत. या खुणा कामाच्या आहेत, मात्र त्या फोन उचलण्याआधी उपयोगी पडतात. एकदा समोरचा बोलायला लागला, की खुणा आठवत बसायला आपल्याला सवड मिळत नाही.

म्हणून मी घरच्यांना एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे उद्धटपणे फोन ठेवणं. आपल्याला ते जड जातं. 'बरं, ठेवू का?' असं विचारून, पलीकडून 'हो ठेवा' आल्याशिवाय फोन न ठेवणारी आपली माणसं. आत्याला तर मी सराव करायला लावला. मी फोन करायचा, 'मॅडम, आपलं खातं बंद होतंय' म्हणायचं, आणि तिने मधेच तोडायचा. पहिल्या वेळी ती म्हणाली, 'अरे, निदान तुझं ऐकून तरी घेऊ दे.' चौथ्या वेळी जमलं. ठेवल्यावर खरंच काळजी वाटली तर नंबर आपण शोधायचा: बँकेचा पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागच्या बाजूवरून, पोलिसांना ११२ वर. गूगलवर 'अमुक बँक कस्टमर केअर' शोधून पहिला दिसेल तो नंबर लावू नका, तिथेही भामट्यांनी आपले नंबर पेरलेले असतात. नातवाच्या आवाजात 'आजी, अपघात झालाय, पैसे पाठव' असा फोन आला तरी हेच. ठेवायचा, आणि नातवाच्या नेहमीच्या नंबरवर आपण करायचा. पोरगं खरंच संकटात असेल तर दोन मिनिटांनी काही बिघडत नाही.

आता, पैसे गेलेच तर.

तुमच्या खात्यातून निघालेली रक्कम एका खात्यात थांबत नाही. ती आधी 'म्यूल' खात्यात जाते, म्हणजे कमिशनसाठी कुणीतरी भाड्याने दिलेल्या खात्यात. तिथून काही मिनिटांत पाच-दहा खात्यांत फुटते, त्यांतून आणखी पुढे, आणि शेवटी कुठे एटीएममधून रोख निघते, कुठे आभासी चलन घेतलं जातं. कॉलेजातल्या पोरांना 'तुझं खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो' असं कुणी म्हणालं तर ते हे असतं; पोलीस सगळ्यात आधी त्या पोराच्या दारात उभे राहतात, आणि ते खरे असतात.

या साखळीत रक्कम जिथे पोचली असेल तिथेच तिला अडवणं हा एकमेव उपाय. त्यासाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. तुम्ही तक्रार सांगता, ती एका प्रणालीत चढते, तुमच्या बँकेला आणि पैसे जिथे गेले त्या बँकेला एकाच वेळी सूचना जाते, आणि खात्यात जे शिल्लक असेल ते रोखून धरलं जातं. पुढच्या बँकेत सरकलं असेल तर सूचना पुढे जाते. म्हणजे ही सरळ शर्यत आहे. पहिला तास फार मोलाचा. यात माणसं वेळ कुठे घालवतात? लाजेत. मुलाला सांगू की नको, बायको काय म्हणेल, सकाळी बघू. आधी १९३० लावा, मग घरच्यांची बोलणी खा. फोन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या केंद्राच्या संकेतस्थळावर तक्रार भरता येते. हाताशी व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, खाते क्रमांक आणि समोरच्याचा नंबर ठेवा. चॅट रागाने पुसून टाकू नका, तोच पुरावा. शेजारच्या जिल्ह्यातल्या ठाण्यात जा असं कुणी म्हणालं तर सांगा की गुन्हा कुठेही घडलेला असला तरी कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवून घेणं आता कायद्यातच आहे.

बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणी व्यवहार केला आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर तोशीस नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. त्यामुळे चूक आपली असली तरी कळवण्याची घाई करण्यात फायदाच आहे. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद फोन आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'वर 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथे तो नंबर कळवता येतो. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत तेही तिथेच दिसतं. आत्याच्या नावावर एकच निघालं.

आमच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांचे अडीच लाख शेअर बाजाराच्या बनावट ॲपमध्ये गेले होते. त्यांनी तासाभरात १९३० ला कळवलं, म्हणून त्यातले साठ हजार एका खात्यात अडकून राहिले. पोलिसांनी सांगितलं, रक्कम गोठवलेली आहे, ती तुमच्या खात्यात यायला न्यायालयाचा आदेश लागेल, अर्ज करा. सर दोन महिने टाळत होते. नको रे बाबा, या वयात कोर्ट. शेवटी एका मंगळवारी मी त्यांच्यासोबत गेलो. वकिलांनी एक पानी अर्ज केला होता, कारकुनाने तक्रारीच्या प्रतीची झेरॉक्स मागितली, ती समोरच्या टपरीवर निघाली. परत येताना सर दारात थांबले आणि मागे वळून पायऱ्या मोजू लागले. अकराच होत्या.